बार्शीच्या अंगणवाडीत ऑटिझमची खूण दिसू शकते, कारण ताराबाई मोडकांनी शाळा अंगणात आणली होती

बार्शी म्हटलं की भगवंताचं मंदिर आठवतं, ज्वारीचा बाजार आठवतो. जुन्या माणसांना नॅरोगेजवर धावणारी बार्शी लाईट रेल्वे आठवते. डॉक्टर मंडळींना मात्र बार्शी आठवते ती वेगळ्याच कारणासाठी.

१९८७ साली इथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीनं देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव फिरले. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लक्षणं काय असतात ते सांगितलं, असं काही जाणवलं तर लाजू नका, दवाखान्यात या म्हणून मागे लागले. परिणाम असा झाला की आधी आजार हाताबाहेर गेल्यावर येणाऱ्या बायका लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या. यात मोठी यंत्रं नव्हती. होती ती गावात जाऊन बोलणारी माणसं.

म्हणजे वेळेत ओळखणं काय असतं हे बार्शी तालुक्याला नव्यानं सांगायची गरज नाही. पण आज ज्याच्याबद्दल बोलायचं आहे, ते ओळखायला गाठ हाताला लागत नाही आणि रिपोर्टही येत नाही.

ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.

त्यासाठी रक्ताची तपासणी नाही. एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, गरोदरपणातल्या सोनोग्राफीत कळत नाही. मूल नावानं हाक मारल्यावर बघतं का, बोट दाखवून आईला काही दाखवतं का, दुसऱ्या पोरांच्या खेळात घुसतं का, हे बघावं लागतं. आणि हे बघायला दवाखाना ही फार चांगली जागा नाही. दीड वर्षाचं पोर दवाखान्यात जातं ते ताप आल्यावर. पाच मिनिटं डॉक्टरांसमोर असतं, त्यातली चार मिनिटं रडतं. ते खेळतं कसं, हे तिथं कुणाला कसं दिसणार?

दिसू शकतं ते रोज लहान पोरांच्या घोळक्यात असणाऱ्या बाईला. वैरागला, पांगरीला, बार्शीच्या गल्लीबोळात अशी बाई आहे. तिला आपण अंगणवाडी ताई म्हणतो.

ही अंगणवाडी आली कुठून? बऱ्याच जणांना वाटतं सरकारी योजना आहे, दिल्लीत कुणा अधिकाऱ्यानं नाव ठेवलं असेल. पण सरकारी योजना येण्याच्या कितीतरी आधी ती एका मराठी बाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या एका गावात सुरू केली होती. त्यांचं नाव ताराबाई मोडक.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करूया. ताराबाईंनी ऑटिझमवर काम केलं नव्हतं. त्यांच्या काळात इकडं हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. पण त्यांनी जी जागा तयार केली आणि लहान मुलाकडं बघायची जी सवय लावली, त्याच्याशिवाय गावपातळीवर ही तपासणी होऊच शकत नाही. कसं, ते त्यांच्या आयुष्यातूनच कळतं.

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईत. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. घर सुधारकी, म्हणून मुलगी शिकली. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळात बायकांनी बी. ए. होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

पुढं अमरावतीच्या मोडकांशी त्यांचं लग्न झालं. ते टिकलं नाही. १९२१ मध्ये दोघं वेगळे झाले. आजही घटस्फोट झालेल्या बाईला गावात काय काय ऐकावं लागतं हे आपल्याला माहीत आहे, ही तर शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. ताराबाई राजकोटला गेल्या आणि बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारं ते कॉलेज. पगार, मान, स्थैर्य, सगळं होतं.

ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला गेल्या. कारण होतं गिजुभाई बधेका.

गिजुभाई हा भारी माणूस होता. व्यवसायानं वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला कुठल्या शाळेत घालायचं या विचारानं ते अस्वस्थ झाले, त्यात मारिया माँटेसरी यांची पुस्तकं हातात पडली आणि वकिली सुटली. १९२० मध्ये त्यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मिशा असलेल्या या माणसाला गुजरातेत लोक मिशाळ आई म्हणायचे.

इथं माँटेसरींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज माँटेसरी म्हटलं की आपल्याकडं भरमसाट फी घेणारी इंग्रजी नर्सरी डोळ्यांसमोर येते. माँटेसरीबाई मुळात डॉक्टर. त्यांचं सुरुवातीचं काम रोममध्ये ज्या मुलांना समाज मतिमंद म्हणून बाजूला टाकत होता, त्या मुलांबरोबर होतं. अशा मुलांसाठी फ्रेंच डॉक्टर इतार आणि सेगँ यांनी आधी जे साहित्य आणि पद्धती वापरल्या होत्या, त्या त्यांनी अभ्यासल्या, वाढवल्या. ती मुलं शिकायला लागली. मग त्यांना प्रश्न पडला, की यांना जमतंय तर बाकीच्या मुलांना शाळा नक्की काय शिकवते? १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह काढलं.

म्हणजे ठोकळे, मण्यांच्या माळा, खरखरीत अक्षरं हे जे सगळं आज बालवाडीत दिसतं, त्याचं मूळ मागं राहिलेल्या मुलांसाठी केलेल्या कामात आहे. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

आणि त्या पद्धतीतला खरा भाग साहित्य हा नव्हताच. शिक्षिकेनं कमी बोलायचं आणि जास्त बघायचं, हा होता. मुलांना मोकळं सोडायचं. कोण कशाकडं जातं, किती वेळ रमतं, कुणाशी बोलतं, कशाला घाबरतं, हे टिपायचं.

आता थांबून विचार करा. जुन्या पद्धतीच्या शाळेत चाळीस पोरं हाताची घडी घालून रांगेत बसली आहेत. त्यात एक मूल आहे जे कुणाशी बोलत नाही, कुणाकडं बघत नाही, आपल्याच नादात आहे. त्या वर्गात त्या मुलाला काय म्हणतील? गुणी म्हणतील. सगळ्यात शांत पोर म्हणून कौतुक होईल. त्याच पोराला खेळणाऱ्या पंधरा पोरांत मोकळं सोडा. भातुकली चालू आहे, कुणी डॉक्टर झालंय, कुणी खोटा चहा पाजतंय, आणि हे एकटं कोपऱ्यात बसून गाडीचं चाक फिरवतंय, रोज तेच. दहा दिवसांत ताईच्या लक्षात येईल.

ऑटिझम दिसतो तो खेळात. म्हणून मोकळेपणानं खेळणाऱ्या पोरांची खोली हीच अर्धी तपासणी असते. ताराबाईंनी आयुष्यभर अशा खोल्या काढल्या.

भावनगरात त्या आणि गिजुभाई यांनी मिळून काम केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शिक्षण पत्रिका हे मासिक निघालं, आधी गुजरातीत, पुढं मराठीतही. आईबापांनी मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, त्याच्या खेळाला वेळ वाया घालवणं म्हणू नये, हे त्यातून घरोघरी सांगायचं काम चालू झालं. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. बरोबर शिक्षिकांचं प्रशिक्षणही. मध्यमवर्गीय घरातली पोरं, शिकलेले आईबाप, चांगलं नाव. इथंच थांबल्या असत्या तरी इतिहासात त्यांचं नाव राहिलं असतं.

या दादरच्या काळातच सातासमुद्रापार एक गोष्ट घडली. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचं वर्णन करणारा एक लेख छापला. मुलं दिसायला धडधाकट, पण माणसांत असून नसल्यासारखी, तीच ती कृती करणारी, घरातली वस्तू जागेवरून हलली तरी कासावीस होणारी. ऑटिझम या नावाची ओळख जगाला झाली ती इथून. कॅनर यांनी कुठलं यंत्र वापरलं नव्हतं. त्यांनी मुलांना बघितलं आणि आईबापांनी जे बघितलं होतं ते नीट ऐकलं. पहिल्या मुलाच्या वडिलांनी तर मुलाबद्दल ३३ पानांचं पत्र लिहून पाठवलं होतं. घरातल्या माणसाच्या बारीक निरीक्षणावर हे निदान उभं राहिलं. आजही ते तसंच आहे.

त्याच कॅनर यांच्या लिखाणातून पुढं एक वाईट गोष्टही पसरली. आईबाप थंड वागतात म्हणून मूल असं होतं, असा समज तयार झाला आणि काही दशकं जगभरातल्या आयांनी तो डाग वाहिला. नंतर कॅनर यांनी स्वतः आईबापांवरचा ठपका काढून घेतला. शास्त्रानंही तो खोडला. आपल्याकडच्या काही घरांत अजून निघायचा आहे.

ताराबाईंकडं परत येऊ. गावातल्या गरीब मुलांपर्यंत बालशिक्षण गेलं पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह होता आणि दादरच्या शिशुविहारात वस्तीतली पोरं येत नव्हती हे तर डोळ्यांसमोरच होतं. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. डहाणू तालुका, समुद्राकाठ, चिकूच्या वाड्या. वय ५३. सोबतीला आल्या अनुताई वाघ. मोरगावच्या, बालविधवा, स्वतः धडपडून शिकलेल्या. त्या दोघींची जोडी शेवटपर्यंत टिकली.

बोर्डीत बालवाडी निघाली. आणि जिच्यासाठी काढली ती पोरं आलीच नाहीत.

का येतील? आई मजुरीला गेलेली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घर सांभाळणार. अंगावर कपडे नाहीत. शिवाय जातीचा प्रश्न होताच, वरच्या आळीतल्या पोरांच्या शेजारी बसायला गेलं तर काय होईल ही धास्ती. अशा वेळी बहुतेक संस्था काय करतात? लोकांना शिक्षणाची किंमत नाही, असा शेरा मारून मोकळ्या होतात.

ताराबाईंनी उलटा विचार केला. पोरं शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जायची. तिथंच पोरांना गोळा करायची. हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरणारी वाडी म्हणून अंगणवाडी.

परदेशी पद्धतीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतंच. मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती, बांबू यांतून साहित्य तयार झालं. लहान मोठं कळायला लाकडी दांड्याच लागतात असं थोडंच आहे?

या अंगणाचा एक फायदा असा होता, जो आज आपल्या विषयासाठी लाखमोलाचा आहे. मूल आपल्याच जागेत होतं. आजी शेजारी बसलेली, शेजारीण बघतेय, धाकटी भावंडं मातीत लोळतायत. म्हणजे शिक्षिकेला फक्त तीन ते सहा वर्षांची पोरं दिसत नव्हती, कडेवरचं पोरही दिसत होतं. घर दिसत होतं, आईशी बोलणं होत होतं. सगळी पोरं एका नजरेत असली की कोण वेगळं वागतंय हे कळायला तक्ता लागत नाही.

१९५७ मध्ये त्या अजून पुढं, कोसबादच्या टेकडीवर गेल्या. वारली आदिवासींचा भाग. वय ६५, म्हणजे लोक निवृत्तीनंतर काशीयात्रेचं बघतात ते वय. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली, तिला विकासवाडी नाव मिळालं. धाकट्याला सांभाळायला घरी राहणारी मोठी बहीण धाकट्याला घेऊनच शाळेत येऊ लागली. आणि जी पोरं गुरं चारायला रानात जात होती, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. त्याला कुरणशाळा म्हणत. आधी अंगण, मग कुरण. मूल जिथं आहे तिथं जायचं, एवढा एकच हट्ट त्यांनी तीस वर्षं धरला.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबादचं काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतः जाईपर्यंत सांभाळलं.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशभरातल्या ३३ प्रकल्पांपासून झाली. आणि गावातल्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीतला शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात गेला.

शब्द गेला, पण त्याच्या आतलं सगळं गेलं का? आमच्या मते नाही. योजनेत सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारासाठी पाठवणं, आरोग्य आणि आहाराबद्दल मार्गदर्शन, आणि पूर्वशालेय शिक्षण. भूक हा मोठा प्रश्न होता, म्हणून आहार पुढं आला, त्यात चूक नाही. पण हळूहळू अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा, अशीच लोकांची समजूत झाली. सेविकेचा दिवस वजनं, रजिस्टरं, आता मोबाईलमधल्या ॲपमध्ये नोंदी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यात जातो. मानधन किती मिळतं यावर दर काही वर्षांनी त्यांना रस्त्यावर यावं लागतं. जिनं शांत बसून पोरांना बघावं अशी ताराबाईंची अपेक्षा होती, तिलाच बसायला वेळ नाही.

आणि नेमकी तिच्या बघण्याचीच आता गरज आहे.

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, सुमारे ३० आजार आणि दोषांसाठी. त्यात मुलाच्या वाढीतला विलंब आहे आणि ऑटिझमही आहे. या कार्यक्रमाचा शुभारंभ देशात कुठं झाला माहितीये? पालघरला. ज्या जिल्ह्यात आज बोर्डी आणि कोसबाद आहेत, तिथं. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता, दीड वर्षानं पालघर वेगळा झाला.

या कार्यक्रमाचं फिरतं पथक असतं. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यावं असं ठरलेलं आहे. संशय आला की मुलाला जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं, तिथं बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा आणि श्रवण तज्ज्ञ अशी मंडळी एकत्र असावीत ही कल्पना. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी नियमावलीही आणली. लवकर ओळखा, अंगणवाडीत सामावून घ्या, पुढं पाठवा, असा तिचा साधा क्रम आहे.

कागदावर सगळं छान आहे. पण पथक सहा महिन्यांतून एक दिवस येतं. त्या दिवशी पोर झोपलेलं असेल, घाबरलेलं असेल, मामाच्या गावाला गेलेलं असेल. उरलेले दिवस कोण बघतं? ताई बघते, आई बघते.

काय बघायचं, ते आता सांगतो. हे वाचून कुणी घरच्या घरी निदान करू नका, पण डोळे उघडे ठेवा.

नऊ महिन्यांचं बाळ नावानं हाक मारल्यावर वळत नाही. वर्षाचं झालं तरी टाटा करत नाही, हातानं काही सांगत नाही. दीड वर्षाचं झालं तरी चांदोबा, कुत्रा, एसटी असं काही बोटानं दाखवत नाही. हवी ती वस्तू मागताना आईचा हात धरून तिथं नेतं, पण आईच्या तोंडाकडं बघत नाही. दोन अडीच वर्षांचं झालं तरी खोटं खोटं जेवण, खोटा फोन असले खेळ नाहीत. आपण जे बोललो तेच पुन्हा पुन्हा म्हणतं. हात फडफडवतं, गोल फिरतं, कुकरच्या शिट्टीला कान झाकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी चार शब्द येत होते ते गेले, तर एक दिवसही थांबू नका.

यातलं एखादं लक्षण पुष्कळ मुलांत असतं. दोन चार एकत्र दिसली की तपासणी करायची. त्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांकरता जगभर वापरली जाणारी २० प्रश्नांची यादी आहे, एम-चॅट नावाची. आईबापांनी हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दीड आणि दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाची अशी तपासणी करावी म्हणते, लक्षण दिसो न दिसो. यादीत जास्त गुण आले म्हणजे ऑटिझम झाला असं नाही. पुढं नीट तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. त्याआधी कान तपासून घ्यायचे, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. अनुभवी तज्ज्ञाला दोन वर्षांच्या सुमारास निदान करता येतं.

भारतात प्रमाणपत्रासाठी वेगळी मोजपट्टी आहे, इसा नावाची. तिच्यात ४० मुद्दे आहेत. आणि हे प्रमाणपत्र मिळतं कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, हेही पुष्कळ आईबापांना माहीत नसतं.

आता अडचण कुठं येते? बार्शीसारख्या ठिकाणी ती बहुतेक वेळा घरातच येते. पोराचा बाप पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, असं आजी सांगते. मुलगे उशिराच बोलतात, असं शेजारीण सांगते. नवस बोलून झालेला असतो. कुणी मोबाईलवर खापर फोडतं. मोबाईलनं बोलणं मागं पडू शकतं, तो बंद केलेला बराच, पण मोबाईलमुळं ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. लसीमुळं तर नाहीच नाही, तसं सुचवणारा १९९८ चा लेख छापणाऱ्या नियतकालिकानं २०१० मध्ये तो मागं घेतला. सोलापूर सत्तर किलोमीटरवर आहे, जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा पुढच्या दिवाळीनंतर बघू, असं होतं. पोर पाच वर्षांचं होतं. पहिलीत नाव घालायला गेल्यावर गुरुजी सांगतात. मेंदू सगळ्यात वेगानं शिकण्याची तीन वर्षं तोवर गेलेली असतात. लवकर सुरू केलेल्या थेरपीनं ऑटिझम नाहीसा होत नाही, पण बोलणं, सांगणं, स्वतःचं स्वतः करणं यात फार फरक पडू शकतो.

ताईला शंका आली तरी ती बोलायला कचरते, हेही खरं आहे. तुमच्या पोरात काहीतरी आहे असं म्हणायचं आणि उद्या त्या घरानं पोर पाठवणंच बंद केलं तर? म्हणून आईनंच विचारायला हवं. आमचं पोर बाकीच्यांत खेळतं का, हाकेला येतं का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी ताईला मोकळं बोलता येतं.

घरात एक कागद आहे, बहुतेकांनी तो लसीच्या तारखेपलीकडं कधी उघडलेला नसतो. माता व बाल संरक्षण कार्ड. त्यात कोणत्या वयात मुलाला काय यायला हवं याची चित्रं आहेत आणि कशाकशाला धोक्याची खूण समजायचं तेही लिहिलेलं आहे. ते काढा. तुमच्या पोराच्या वयाचं पान बघा, जे येत नाही त्यावर पेन्सिलीनं खूण करा आणि कार्ड घेऊन अंगणवाडीत जा. पथक कधी येणार ही तारीख ताईला आधी कळवलेली असते, ती विचारून घ्या. त्या दिवशी पोराला मामाच्या गावाला पाठवू नका, आणि शक्य असेल तर आजीलाही बरोबर घेऊन जा, कारण दिवसभर पोराला तीच बघत असते.